मांजऱ्या लागला का?

बोअरची गाडी रात्री साडेअकराला काकांच्या वावरात शिरली. केजच्या अलीकडे, बीड जिल्ह्यात, आमची थोडी जमीन आहे. गाडी तमिळनाडूची, आपल्याकडे फिरणाऱ्या बऱ्याच गाड्या असतात तशी. जागा पाणाड्यानं तळहातावर नारळ ठेवून दाखवलेली. नारळ उभा राहतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय. खाली पाणी असतं म्हणून राहतो, हे मात्र अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

पहिले पंचवीस फूट माती आणि मुरूम. तिथवर केसिंग, म्हणजे माती ढासळू नये म्हणून घालायचा पाइप, उतरलं. मग कातळ लागला आणि सगळ्यांचं बोलणं ओरडण्यावर आलं. गाडीवरचा एक पोरगा दर दहा फुटांना वर येणाऱ्या भुकटीची ढिगली ओळीनं मांडत होता. काळपट, राखाडी, पुन्हा काळपट, मधेच एक विटकरी. काका बॅटरी घेऊन प्रत्येक ढिगली चिमटीत धरायचे आणि विचारायचे, “मांजऱ्या लागला का रे?”

मराठवाड्याच्या पाण्याचं अर्धं गणित त्या एका प्रश्नात आहे.

साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथं जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहत आला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. एक थर निवला की त्यावर दुसरा. आजही जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर हा खडक पसरलेला आहे. त्याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात ते युरोपातल्या उत्तरेकडच्या भाषांमधल्या ‘पायरी’ या अर्थाच्या शब्दावरून. बालाघाटाच्या डोंगरांकडे लांबून पाहिलं की नाव पटतं: सपाट माथा, उतार, पुन्हा सपाटी. वेरूळच्या कारागिरांनी कैलास लेणं वरून खाली कोरत नेलं ते याच खडकात.

प्रत्येक थराची घडण सारखी नसते. लाव्ह्यातला वायू बुडबुड्यांनी वर येतो, म्हणून थराचा माथा सच्छिद्र होतो. पुढं त्या छिद्रांत पांढरी खनिजं भरतात आणि काळ्या दगडावर ठिपके उमटतात. हाच मांजऱ्या. तो लवकर झिजतो, भुसभुशीत होतो, पाण्याला वाट देतो. त्याच्याखाली थराचा मधला भाग असतो काळा पाषाण, घट्ट आणि कोरडा. त्यात पाणी असलंच तर सांध्यांत आणि चिरांत. दोन उद्रेकांच्या मधल्या निवांत काळात वरचा दगड कुजून जी तांबडी माती झाली ती गेरू. आमच्या ओळीतली विटकरी ढिगली तीच. गेरू बहुधा पाणी खाली जाऊ देत नाही. म्हणजे जमिनीखाली तळं नाही की नदी नाही. एकावर एक रचलेल्या फरशा आहेत आणि त्यांच्या फटींत ओल आहे.

ही ओल किती, ते मोजता येतं. भूजलाचा हिशेब करताना झिजलेल्या किंवा सच्छिद्र बेसॉल्टमधून, म्हणजे याच लाव्ह्याच्या खडकातून, उपसता येणारं पाणी खडकाच्या घनफळाच्या साधारण २ टक्के धरतात. नदीकाठच्या वाळूच्या गाळासाठी हाच आकडा १६ टक्के आहे. एक हेक्टर रानाखाली पाण्याची पातळी मीटरभर उतरली, तर १०,००० घनमीटर खडकातून आपल्याला मिळतात २ लाख लिटर. दहा हजार लिटरचे वीस टँकर, बस्स. गंगेच्या खोऱ्यात वाळूच्या थरावर बसलेल्या शेतकऱ्याला पातळी तेवढीच उतरल्यावर १६ लाख मिळतात. पाऊस कमी पडतो हे खरंच. सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीत असलेल्या मराठवाड्याची पावसाळ्याची सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपास आहे. पण पडलेला पाऊस ठेवायचं भांडंही उथळ आहे, ही गोष्ट आपण भाषणांत फारशी ऐकत नाही.

आता जमिनीवरचं भांडं पाहू. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. नाथसागराची, म्हणजे या धरणाच्या जलाशयाची, एकूण साठवण २,९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे १०२ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). कोयनेची साधारण १०५. जवळपास जुळी भावंडं. फक्त कोयना घाटातल्या अरुंद दरीत अडवली आहे, भिंत १०३ मीटर उंच, आणि पाणी पसरतं ११५ चौरस किलोमीटरवर. पैठणला दरी कुठली आणायची? गोदावरीकाठचा तो सपाट मुलूख. तिथं भिंत जेमतेम ४१ मीटर उंच, पण लांबी १० किलोमीटरच्या घरात, आणि पाण्याचा पसारा ३५० चौरस किलोमीटर. भागाकार केला तर कोयनेची सरासरी खोली २६ मीटर येते, नाथसागराची ८ मीटर. एक घागर, दुसरी परात.

परातीतलं पाणी ऊन पितं. काठोकाठ भरलेल्या नाथसागरावरून एक सेंटिमीटर पाण्याची वाफ झाली तर ३५० कोटी लिटर गेले. आकडा डोक्यात मावत नसेल तर लातूरची रेल्वे आठवा. मांजरा धरण आटलं आणि १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला पोचली: दहा वाघिणी, ५ लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणी लागल्या तेव्हा एका खेपेत २५ लाख लिटर येऊ लागले. नाथसागरावरचा तो एक सेंटिमीटर म्हणजे अशा १,४०० खेपा. हे धरण बांधायला नको होतं असा याचा अर्थ नाही. डावा कालवा २०८ किलोमीटर आणि उजवा १३२ किलोमीटर जातो, त्यावर कितीतरी गावं उभी आहेत. भूगोलानं दिलेल्या जागेत याहून खोल भांडं बसलं नसतं, इतकंच.

मग लोक आणखी खाली जातात. २००९ च्या भूजल कायद्यानं ६० मीटरच्या, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या, पुढच्या विहिरीला खोल विहीर ठरवून तिच्यावर बंधन घातलं. रानात त्याची आठवण फारशी कुणाला नसते. पण हा खडक काही अथांग नाही. तो घाटाकडे दीड-दोन किलोमीटर जाड आहे आणि पूर्वेकडे पातळ होत जातो; नांदेडच्या देगलूर-बिलोली पट्ट्यात तर ग्रॅनाइटच उघडा पडतो. लातूर जिल्ह्यात किल्लारीला त्याची जाडी नेमकी मोजलेली आहे, त्यामागचं कारण वाईट आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, आणि ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप. त्यानंतर तिथं शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. लाव्ह्याचा खडक ३३८ मीटरला संपला. त्याखाली गाळाचा आठेक मीटरचा पट्टा, आणि मग अडीचशे कोटी वर्षांच्या घरातला जुना खडक. ३३८ मीटर म्हणजे अकराशे फूट. त्या भागात हजार फुटांचं बोअर घेणारा माणूस जवळजवळ सगळा लाव्हा उकरून काढतो आणि खालच्या पाषाणात बहुतेक वेळा धूळच भेटते.

आमच्याही बोअरला चारशे फुटांपर्यंत जवळजवळ धूळच होती. नव्वदला मांजऱ्या लागला, भुकटी जरा ओली झाली, काका हसले. शंभरला पुन्हा काळा पाषाण. पहाटे चारला गाडी निघून गेली, पैसे फुटावर मोजून घेऊन.

उजाडल्यावर काका मला जुन्या विहिरीवर घेऊन गेले. आजोबांच्या वेळची, सात परस, म्हणजे सात पुरुष, खोल. आत वाकून पाहिलं तर रात्रीच्या सगळ्या ढिगल्या तिथं भिंतीत उभ्या होत्या: वर मुरूम, मग ठिपक्याठिपक्यांचा मांजऱ्या, त्याखाली गेरूची तांबडी रेघ, खाली काळा. त्या रेघेच्या वरच्या अंगानं पाणी झिरपत होतं, बारीक, सुतळीएवढं. पलीकडच्या बाजूला चुन्याची एक खूण होती. दिवाळीला पाणी त्या खुणेच्या वर असलं तर गहू, खाली असलं तर हरभरा, हा आजोबांचा नियम.

“यंदा कुठंय?” मी विचारलं.

“हातभर खाली,” काका म्हणाले, आणि हरभऱ्याचं बियाणं बघायला केजला निघाले.