बालकांचा हृदयपंप: संसर्गाच्या नोंदी आणि एक उसना शब्द

बाळाच्या पोटावर, बरगड्यांखाली, दोन जाड नळ्या बाहेर येतात. त्यांना जोडलेला, थकलेल्या हृदयाचं काम पेलणारा पारदर्शक पंप अंगाबाहेरच असतो. सर्वांत छोट्यात एका ठोक्याला जेमतेम १० मिलिलिटर रक्त मावतं. नर्स टॉर्च मारून आत गुठळी दिसते का बघते. मग ड्रेसिंग सोडून नळीभोवतीची कातडी लाल झालीय का, पाझरतेय का, ते पाहते.

असा पंप मुलावर पहिल्यांदा बसला बर्लिनमध्ये, १९९० साली. अमेरिकी नियामकाची मर्यादित परवानगी यायला २०११ चा डिसेंबर उजाडला. त्यामागच्या चाचणीत ४८ मुलं होती आणि आकडे धडकी भरवणारे होते: लहान चणीच्या गटात ६३ टक्के, मोठ्या चणीच्या गटात ५० टक्के मुलांना गंभीर संसर्ग. पण यात पंपाशी संबंध नसलेले संसर्गही धरलेले होते. हा खुलासा आकड्याच्या शेजारी क्वचितच छापला जातो.

खरा घोळ शब्दांचा आहे. २०११ मध्येच प्रत्यारोपण क्षेत्रातल्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेने संसर्गाचे तीन कप्पे पाडले: पंपाचाच, पंपामुळे वेगळा विचार करावा लागतो असा, आणि पंपाशी असंबंधित. पहिल्या कप्प्यात पंपाची ‘पॉकेट’ (पंप ठेवायला शरीरात केलेली खोबण) आणि ‘ड्राइव्हलाइन’ (पंपाला वीज पुरवणारी वायर) आली. दोन्ही शब्द मोठ्यांच्या, पोटात किंवा छातीत बसवलेल्या पंपांचे. बाहेर असलेल्या पंपाला पॉकेट कुठून असणार? आणि मोठ्यांच्या कातडीतून बाहेर येते ती विजेची बारीक वायर. बाळाच्या कातडीतून जाते ती रक्त वाहणारी नळी. तरीही तिच्या तोंडाशी पू झाला की बऱ्याच ठिकाणी ‘ड्राइव्हलाइन संसर्ग’ असंच लिहिलं जायचं. माझ्या मते ही नुसती शब्दांची ढिलाई नाही. कारण नळी हिसकली, कातडीची पकड सुटली, की जंतू थेट रक्तनळीच्या कडेने आत सरकतात.

मधला कप्पाही सोपा नाही. या बाळांना बहुधा सेंट्रल लाइनही (औषधांसाठी मोठ्या शिरेत घातलेली नळी) असते. ताप आला, ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) जंतू सापडले, तर दोष लाइनचा की पंपाचा? लाइनमधलं कल्चर हाताच्या शिरेतल्या कल्चरपेक्षा दोन तास तरी आधी पॉझिटिव्ह आलं तर संशय लाइनवर जातो. लाइन काढता येते. पंप निघतो तो बहुधा हृदयप्रत्यारोपणाच्या वेळीच. तोवर अँटिबायोटिक चालू ठेवायचं की ठरावीक आठवड्यांनी थांबवायचं, यावर एकमत नाही. त्यात संसर्गाने रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि पंपात गुठळी धरते, म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांचं गणितही त्याच दिवशी पुन्हा मांडावं लागतं.

२०२० च्या अखेरीस शरीरात बसणाऱ्या एका नव्या पंपाला अमेरिकेत मुलांसाठी मान्यता मिळाली. त्याला खरोखरच ड्राइव्हलाइन आहे. तान्ह्या बाळांच्या छातीत मात्र तो मावत नाही.