हेडलाइटची ‘काच’ धूसर कधीपासून होऊ लागली?

जुन्या गाडीच्या हेडलाइटवर साय धरल्यासारखा पिवळट पांढुरका थर येतो. मग कोणी वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा बारीक सँडपेपर) घेऊन बसतो, कोणी टूथपेस्ट. हा उद्योग तसा अलीकडचा. १९८०च्या दशकाआधी त्याची गरजच पडत नसे.

अमेरिकेत १९४०च्या मॉडेलांपासून सगळीकडे एकच दिवा आला, सील्ड बीम. सात इंच व्यासाचा, गोल. तंतू, परावर्तक आणि पुढची काच असे सगळे एकजीव. तंतू जळाला की अख्खा दिवा काढून फेकायचा आणि नवा बसवायचा, म्हणजे बल्बबरोबर काचही नवी मिळे. काच बल्बपेक्षा जास्त जगतच नव्हती, तर तिला म्हातारपण येणार कुठून? पुढे चार लहान दिवे आले, चौकोनी आले, घडण तीच राहिली. युरोपात बल्ब वेगळा बदलता येई, पण समोर खरी काच असे. खडे उडून तिला टवके जात, ती पिवळी पडत नसे.

अमेरिकेत सील्ड बीमच लावायचा असा नियम होता, तो १९८३ मध्ये सैल झाला. एका मोठ्या वाहन उत्पादकाने तशी मागणी केली होती. तेलटंचाईनंतर इंधन वाचवण्याचा रेटा होता. गाडीचे नाक उतरते करून हवेचा अडथळा कमी करायचा, तर उभा सपाट दिवा मध्ये येत होता. परवानगी मिळाली आणि १९८४च्या मॉडेलपासून गाडीच्या अंगात मिसळून जाणारे दिवे दिसू लागले. बल्ब मागून बदलायचा, पुढचे झाकण पॉलिकार्बोनेटचे. युरोपातही १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हेच प्लॅस्टिक आले.

या निर्णयाबद्दल अजून दोन तट आहेत. बाजूने बोलणारे सांगतात की पॉलिकार्बोनेट काचेच्या निम्म्या वजनाचे, हवा तो आकार घेणारे, आणि दगड लागला तरी सहसा न फुटणारे. ते खरेच आहे. विरोधातले म्हणतात, टिकाऊ काच देऊन नाशिवंत प्लॅस्टिक घेतले. मला मात्र चूक प्लॅस्टिकची वाटत नाही, हिशेबाची वाटते. बल्ब सुटा झाला त्याच दिवशी पुढच्या झाकणाने गाडीच्या जन्मभर टिकायचे, हे ठरून गेले. आणि त्याची कसोटी काय? अमेरिकी नियमानुसार प्लॅस्टिकचे नमुने फ्लोरिडा आणि ॲरिझोनाच्या उन्हात ३ वर्षे उघड्यावर ठेवून तपासतात. गाडी रस्त्यावर दहा-पंधरा वर्षे असते. मधल्या वर्षांची जबाबदारी कोणाचीच नव्हती. ती गाडीमालकाच्या गळ्यात पडली.

पॉलिकार्बोनेट तसे १९५३ मधले. एका जर्मन आणि एका अमेरिकी कंपनीतल्या रसायनतज्ज्ञांना ते एकाच वर्षी, वेगवेगळे सापडले. मजबूत खरे, पण मऊ. चटकन ओरखडते आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळे पडते. म्हणून कारखान्यातच त्यावर सिलिकोन किंवा ॲक्रिलिकचा कडक लेप देतात. हा लेप मायक्रॉनमध्ये मोजायचा, केसाच्या जाडीहूनही कितीतरी पातळ. आधी तो मरतो. त्याला बारीक भेगा जातात, तो पापुद्र्यासारखा सुटतो, मग ऊन थेट प्लॅस्टिकला भिडते. गाडी रोज एकाच दिशेला तोंड करून उभी राहत असेल तर एक दिवा दुसऱ्याच्या बराच आधी पिवळा होतो, आणि दोन्हींत वरची कड आधी.

आपल्या बोलण्यातला घोळ इथेच आहे. आपण अजून ‘हेडलाइटची काच’च म्हणतो, आणि काच म्हटले की हात आपोआप ती पुसायला जातो. साबण, काच पुसायचे द्रावण, मग जोर. पण मळ बसलेलाच नसतो, पृष्ठभाग फाटलेला असतो. ओले बोट फिरवून पाहा: पाणी आहे तोवर दिवा लख्ख दिसतो, कारण भेगा पाण्याने भरतात. वाळला की पुन्हा धुरकट. ‘लेन्स’ हा शब्दही तितकासा बरोबर नाही. जुन्या काचेवर उभ्या पन्हळी असत, त्या प्रकाशाला वळण देत, ती खरोखर लेन्स होती. आता बहुतेक दिव्यांत ते काम आतला परावर्तक करतो किंवा आतलीच वेगळी लेन्स करते. पुढे आहे ते नुसते झाकण.

घरगुती उपायांचा इतिहास या झाकणाच्या मागोमाग चालत आला. टूथपेस्ट चालते, कारण तिच्यात बारीक अपघर्षक पूड असते. चकाकी येते आणि थोड्याच दिवसांत जाते. डास पळवणारा फवारा त्याहून वाईट. त्यातले डीट हे रसायन प्लॅस्टिकचा वरचा थर विरघळवते, भेगा लिंपल्या जातात, आणि लोकांना तो चमत्कार वाटतो. खालचे प्लॅस्टिक मात्र खराब झालेले असते. मग बाजारात किट आले, आणि त्यांच्याबरोबर टप्प्याटप्प्याने घासण्याची रीत: ६०० किंवा ८०० नंबरचा वॉटर पेपर, मग १०००, २०००, ३०००, शेवटी पॉलिश. सुरुवातीला पाणी पिवळट दुधासारखे ओघळते, तो सुटणारा जुना लेप. पाणी पांढरे यायला लागले की लेप गेला. बरेच जण दिवा चमकलेला बघून इथेच थांबतात, आणि खरे तर तेव्हा तो कारखान्यातून आल्यापासून सर्वांत उघडा असतो. म्हणून नंतरच्या किटांत अतिनील किरण अडवणारा लेप द्यायला लागले: आधी पुसून लावायचा, पुढे दोन घटक मिसळून फवारायचा, काही तर उन्हातच वाळणारे.

२०१८ मध्ये एका अमेरिकी वाहनचालक संघटनेने मोजमाप केले. खराब झालेल्या दिव्यातून नव्याच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतका प्रकाश येत होता. घासून नीट केल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत परतला. वेळ घालवण्याजोगा फायदा आहे, शंका नाही. पण हे बाहेरच्या धुरकटपणाचे. सील फाटून आत ओल शिरली असेल, तर वरून कितीही वॉटर पेपर फिरवला तरी तिथे पोहोचत नाही, आणि चिकटवून बंद केलेला दिवा घरी उघडणे फारच थोड्यांना जमते.