नकाशावरचे दुकान आणि वेबसाइटचे पान

नाशिकमधील अनेक व्यावसायिक ‘गूगलवर आमचे नाव येते’ असे समाधानाने सांगतात. मात्र ते नाव नकाशासोबत येते की त्याखालच्या वेबसाइटच्या यादीत, असे विचारले की बहुतेकांना हा फरक क्षुल्लक वाटतो. प्रत्यक्षात या दोन जागांचे नियम निराळे आहेत आणि एकीसाठी केलेला खर्च दुसरीच्या कामी येईलच असे नाही.

पंचवटीतील लॉज शोधले असता वर नकाशा आणि त्याला जोडून साधारणपणे तीन नावे दिसतात. ती नावे गूगल बिझनेस प्रोफाइलमधून, म्हणजे व्यवसायाची माहिती गूगलवर नोंदवण्याच्या सेवेतून येतात. २०२१ पर्यंत हीच सेवा गूगल माय बिझनेस या नावाने ओळखली जात होती. खालच्या यादीतील दुवे मात्र गूगलने स्वतः वाचून साठवलेल्या वेबपानांचे असतात. वेबसाइट नसतानाही नकाशावर नाव येऊ शकते आणि उत्तम वेबसाइट असूनही नकाशावर व्यवसायाचे नाव नसू शकते.

नकाशातील क्रम मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो, असे गूगलच सांगते: व्यवसाय शोधाशी किती जुळतो, तो शोधणाऱ्यापासून किती अंतरावर आहे आणि तो किती परिचित आहे. यांपैकी अंतर मालकाच्या हातात नसते. नाशिक रोड स्थानकावर उतरलेला प्रवासी मोबाइलवर ‘जवळचे लॉज’ शोधतो, तेव्हा पंचवटीतील लॉजचे रिव्ह्यू कितीही चांगले असले तरी स्थानकाजवळची नावे वर येण्याचा संभव अधिक असतो. उलट, आपल्याच गल्ल्यावर बसून शोध घेणाऱ्या मालकाला आपले नाव पहिले दिसते आणि साऱ्या शहराला ते तसेच दिसत असेल असा त्याचा गोड गैरसमज होतो. हाताशी उरते ते प्रोफाइलमध्ये व्यवसायाचा योग्य वर्ग निवडणे, वेळा व फोन क्रमांक अचूक ठेवणे, खरी छायाचित्रे देणे आणि रिव्ह्यूंना उत्तरे देणे. नावाला ‘नाशिकमधील सर्वोत्तम’ असे शेपूट जोडणे नियमाविरुद्ध आहे आणि त्यामुळे प्रोफाइल निलंबितही होऊ शकते. सवलतीच्या बदल्यात रिव्ह्यू मागण्यासही मनाई आहे.

वेबसाइटच्या पानाचे गणित वेगळे आहे. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्राचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखानदाराचा ग्राहक बहुधा चाकणमधील खरेदी अधिकारी असतो आणि तो शोधताना नाशिकचे नाव टाकेलच असे नाही. तो भागाचे नाव, धातू आणि माप टाकतो. वेबसाइटवर मात्र ‘गुणवत्तेशी तडजोड नाही’ एवढे एकच वाक्य आणि कॅटलॉगची छायाचित्रे असतील, तर त्या शोधाला जुळावे असे तेथे काहीच नसते. प्रत्येक प्रक्रियेसाठी स्वतंत्र पान, त्यावर यंत्राची क्षमता, चालणारे धातू आणि मापातील अचूकता मजकुराच्या रूपात, आणि नेमके शीर्षक, एवढे केले तरी बराच फरक पडू शकतो. वेबसाइट तयार होत असताना लावलेली ‘नोइंडेक्स’ (हे पान यादीत घेऊ नका) ही गूगलसाठीची सूचना काढायची राहिली, तर मात्र हे सारे लिहूनही पान यादीत येत नाही. ‘कीवर्ड्स’च्या मेटा टॅगमध्ये, म्हणजे वाचकाला न दिसणाऱ्या पानाच्या कोडमधील शब्दांच्या नोंदीत, शंभर शब्द कोंबून देणारे आजही भेटतात, पण गूगल क्रम ठरवताना तो टॅग वापरत नाही, हे त्या कंपनीने २००९ मध्येच जाहीर केले होते. पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्यांबद्दल तर न बोललेलेच बरे.

दोहोंना जोडणारा एक धागा आहे. व्यवसाय किती परिचित आहे हे ठरवताना इतर वेबसाइटवरील दुवे आणि लेखही पाहिले जातात, त्यामुळे चांगल्या वेबसाइटचा थोडा लाभ नकाशालाही मिळू शकतो.

लॉजमालकाने प्रोफाइलपासून आणि सातपूरच्या कारखानदाराने वेबसाइटपासून सुरुवात करावी. येवल्यातील पैठणी विक्रेत्याला दोन्ही लागतात: दुकानात येणाऱ्या पर्यटकासाठी नकाशा, दूरवरून मागणी नोंदवणाऱ्यासाठी पान. ग्राहकाला प्रत्यक्ष न भेटता केवळ ऑनलाइन विक्री करणारा मात्र प्रोफाइलसाठी पात्रच ठरत नाही.

मोजमापही वेगवेगळे करावे लागते. प्रोफाइलवरून किती जणांनी फोन केला किंवा रस्ता विचारला, हे प्रोफाइलमध्येच दिसते. कोणत्या शब्दांवरून कोणते पान उघडले गेले, हे सर्च कन्सोल या वेबसाइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात कळते. एजन्सीच्या मासिक अहवालात हे आकडे एकाच बेरजेत येत असतील, तर ते सुटे करून मागावेत.