शी-शूची सवय: लवकर सुरुवात म्हणजे लवकर ताबा?

"आमच्या वेळी वर्षाच्या आत लंगोट सुटायचे," असं आजी म्हणते. डॉक्टर म्हणतात, दीड-दोन वर्षं थांबा. दोघांचंही खरं आहे, फक्त दोघांच्या मनातला 'ताबा' वेगळा.

पाय पसरून बाळाला पावलांवर बसवायचं आणि 'शूऽऽ' करायचं, ही आपली जुनी रीत. वेळ निवडायची ती झोपेतून उठल्यावरची किंवा दूध पिऊन झाल्यावरची. पोटात काही गेलं की मोठं आतडं हलू लागतं. पूर्व आफ्रिकेतल्या डिगो समाजात आया 2-3 आठवड्यांपासून असंच करतात आणि 5-6 महिन्यांत बाळं कोरडी राहतात, अशी नोंद 1977 मध्ये प्रसिद्ध झाली. पण इथे लघवी-शीची वेळ ओळखते ती आई. बाळाला तिच्या इशाऱ्याची सवय झालेली असते, इतकंच.

अमेरिकेत 1930च्या आसपास सरकारी पुस्तिकाच घड्याळ लावून, गुदद्वारात साबणाची कांडी घालून तान्ह्यांना शी करवायला सांगत. 1940 मध्ये मानसशास्त्रज्ञ मर्टल मॅकग्रॉ यांनी जुळ्यांवर पाहिलं: एकाला तान्हेपणापासून तासातासाला भांड्यावर धरलेलं, दुसऱ्याला खूप उशिरा. उशिराच्याने थोड्याच काळात पहिल्याला गाठलं. बालरोगतज्ज्ञ बेरी ब्रॅझल्टन यांनी 1962 मध्ये 1,170 मुलांच्या नोंदी मांडल्या. मूल तयार दिसेल तेव्हाच सुरुवात केली, तर दिवसाचा ताबा सरासरी 28.5 महिन्यांना येत होता. पुढे झ्युरिकमध्ये दोन पिढ्यांची तुलना झाली. दुसऱ्या पिढीत सुरुवात वर्षभराहून अधिक लांबली, तरी लघवीवरचा ताबा आला त्याच वयात.

तयारी ओळखायची कशी? मूल दोन तास कोरडं राहतं, चड्डी खाली ओढू शकतं, शी करण्याआधी कोपरा गाठतं किंवा सांगतं. भांड्यावर 5 मिनिटं पुरेत. पाय लोंबकळत असतील तर पायाखाली पाट द्या, नाहीतर जोर लावता येत नाही. रात्रीचा ताबा उशिराच येतो. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होण्याची काळजी नको.

घोटाळा बहुधा बद्धकोष्ठाने होतो. एकदा कडक शी दुखली की मूल ती रोखून धरतं. मग ती आणखी सुकते, आणखी दुखते. गुदाशय, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, ताणून सैल पडतो आणि साठलेल्या शीच्या कडेने पातळ शी चड्डीत झिरपते. घरच्यांना ते जुलाब वाटतात आणि तेव्हा जुलाब थांबवायचं औषध दिलं, तर दुखणं वाढतं. अशा वेळी भांडं बाजूला ठेवून आधी बद्धकोष्ठावर डॉक्टरांकडून इलाज करून घ्यावा.