तांबं नुसतं टाकून भागत नाही, लिगँड लागतो

प्लास्टिक बनवायची साधी रॅडिकल पद्धत तशी बेशिस्तच. रॅडिकल म्हणजे टोकाला एकटा इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारी साखळी, ती सेकंदभरात शेकड्याने मोनोमर (साखळीचे सुटे मणी) जोडत सुटते आणि दुसरी तशीच साखळी भेटली की दोघींचाही खेळ खलास. मग एकाच फ्लास्कमधे काही लांबलचक, काही आखूड, सगळा गोंधळ.

१९९५ साली पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात मातियाशेव्स्की आणि वांग यांनी याला तांब्याने आवर घातला (क्योटोत सावामोतोंच्या ग्रुपने त्याच वर्षी रुथेनियम वापरून तेच केलं). या पद्धतीला एटीआरपी (अॅटम ट्रान्सफर रॅडिकल पॉलिमरायझेशन) म्हणतात. साखळीच्या टोकाला ब्रोमीन असतो, तांबं तो काढून घेतं, साखळी जागी होते, थोडी वाढते, तांबं ब्रोमीन परत देतं की पुन्हा गप्प. खो-खोसारखंच, बाकीचे बसलेले आणि एखादाच पळतोय, त्यामुळे धडका कमी आणि सगळ्या साखळ्या जवळपास सारख्या लांबीच्या.

पण नुसतं कॉपर ब्रोमाइड टाकलं तर ते धड विरघळतच नाही. इथे लिगँड लागतो, म्हणजे नायट्रोजनच्या हातांनी तांब्याला धरणारा रेणू. खरी गंमत विरघळण्यात नाहीये. ब्रोमीन काढून घेतला की तांबं +१ चं +२ होतं; लिगँड कुठला यावर ते +१ मधून +२ मधे किती खुशीने जाणार हे ठरतं आणि तेच रिअॅक्शनचं स्पीड कंट्रोल. आधी वापरात होतं बायपिरिडीन, दोन नायट्रोजनवालं. नंतर पीएमडीईटीए आलं, तीन नायट्रोजन आणि स्वस्त. चार नायट्रोजनवालं मी-सिक्स-ट्रेन (Me6TREN) तर बायपिरिडीनपेक्षा दहा हजार पटींहून जास्त अॅक्टिव्ह. म्हणून तेच सगळीकडे ओतायचं असं मात्र नाही हां, फार अॅक्टिव्ह झालं की एकदम खूप साखळ्या जाग्या होतात आणि परत धडका सुरू.

सुरुवातीला तांबं इतकं लागायचं की पॉलिमर हिरवट निघायचं, मग ते अॅल्युमिनाच्या कॉलममधून गाळत बसा. स्पीड तांब्याच्या एकूण प्रमाणावर नाही तर +१ आणि +२ च्या रेशोवर असतो, म्हणून २००६ च्या सुमाराला लोकांनी तांबं पीपीएमवर (दहा लाखात काही भाग) आणलं आणि +२ झालेलं परत +१ करायला व्हिटॅमिन सी सारखं काहीतरी टाकलं. एवढ्याशा तांब्याभोवती मोनोमरची इतकी गर्दी असते की ढिला लिगँड सुटूनच जातो, त्यामुळे हे जमलं ते चार हातांनी घट्ट धरणाऱ्यांमुळेच. अॅसिडवाले मोनोमर अजून त्रास देतात, प्रोटॉन जाऊन नायट्रोजनलाच चिकटतो आणि तांबं धरायला हात उरत नाही.