अर्ली ॲक्सेस

अर्ली ॲक्सेस : व्हिडिओ गेम तयार होत असतानाच, अपुऱ्या अवस्थेत, तो विकण्याची व विकत घेण्याची पद्धत. पैसे भरताच खेळ हाती येतो आणि पुढची भर अपडेटमधून बहुधा वेगळे पैसे न घेता मिळत राहते. प्री-ऑर्डरमध्ये प्रकाशनाच्या दिवसापर्यंत थांबावे लागते, तर क्राउडफंडिंगमध्ये, म्हणजे लोकवर्गणीत, पैसे देताना खेळ अस्तित्वात असेलच असे नाही. म्हणून ही पद्धत त्या दोहोंपासून वेगळी धरतात. सीमारेषा पुसट आहे. ‘स्टार सिटिझन’ २०१२ मध्ये क्राउडफंडिंगमधून उभा राहिला, पण त्याची अल्फा, म्हणजे अगदी सुरुवातीची चाचणी आवृत्ती पैसे भरणाऱ्यांना खेळता येते.

पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. काही जण तिचे मूळ शेअरवेअरमध्ये शोधतात. ‘डूम’चा (१९९३) पहिला भाग फुकट वाटला गेला व उरलेले भाग विकले गेले, मात्र विकला जाणारा खेळ पुरा झालेला होता, त्यामुळे हे साम्य वितरणापुरतेच उरते. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ची अल्फा आवृत्ती २००६ पासून सर्वांना मोफत होती आणि काम देणग्यांवर चाले. देणगी देणाऱ्याला इतरांहून वेगळा खेळ मिळत नसे, म्हणून त्याला खरेदी म्हणणे कठीण आहे. बहुतेक लेखनात आद्यत्वाचा मान ‘माइनक्राफ्ट’ला दिला जातो. त्याचा निर्माता मार्कुस पेर्सन याने तो मे २००९ मध्ये लोकांसमोर आणला आणि १३ जून २००९ पासून ९.९५ युरोला विकायला सुरुवात केली. २० डिसेंबर २०१० रोजी बीटा, म्हणजे अल्फानंतरची चाचणी अवस्था येताच किंमत १४.९५ युरो झाली. पूर्ण आवृत्ती १८ नोव्हेंबर २०११ रोजी आली. परंतु तुर्कस्तानातील टेलवर्ल्ड्स हा स्टुडिओ ‘माउंट अँड ब्लेड’च्या अपूर्ण आवृत्त्या २००८ मधील प्रकाशनाच्या आधीपासूनच विकत होता. पद्धतीचा प्रसार ‘माइनक्राफ्ट’ने केला आणि आरंभ त्याच्या आधीचा, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

हा वाद केवळ कालक्रमाचा नाही. मूळ देणगीत मानले, तर घेणारा आश्रयदाता ठरतो आणि काम अर्धवट सुटल्यास त्याची तक्रार दुबळी पडते. मूळ विक्रीत मानले, तर आज जेवढा खेळ हाती आहे तेवढ्याचीच किंमत त्याने मोजली, असा अर्थ होतो. स्टीम या खेळविक्रीच्या ऑनलाइन दुकानाची भूमिका दुसऱ्या अर्थाकडे झुकते. २० मार्च २०१३ रोजी तेथे १२ खेळांनिशी हा विभाग सुरू झाला. प्रत्येक खेळाच्या पानावर एक सूचना असते : आहे त्या अवस्थेत खेळण्याची उत्सुकता नसेल, तर थांबावे. विकासकांनाही भविष्याविषयी ठोस वचने देऊ नका, असे बजावलेले असते. तरीही खरेदी बऱ्याचदा रोडमॅप, म्हणजे पुढच्या कामाची जाहीर योजना, पाहूनच होते, आणि निराशेचे मूळ बहुधा तिथेच असते.

घ्यावा की थांबावे, हे खेळाच्या प्रकारावर पुष्कळ अवलंबून आहे. रोगलाइक (हरताच पहिल्यापासून सुरू होणारे), सर्व्हायव्हल (तग धरून राहण्याचे) किंवा बांधणीचे खेळ दर वेळी नव्याने सुरू करता येतात. अपुरेपणा त्यांना फारसा बाधत नाही. ‘स्ले द स्पायर’ व ‘सबनॉटिका’ याच वाटेने पूर्णत्वाला गेले. कथाप्रधान खेळात मात्र पहिल्या वाचनाची गोडी एकदाच मिळते. ‘बॉल्डर्स गेट ३’ ऑक्टोबर २०२० ते ऑगस्ट २०२३ एवढा काळ केवळ कथेच्या पहिल्या अंकापुरता उपलब्ध होता आणि त्या काळातील सेव्ह (जतन केलेली प्रगती) पूर्ण आवृत्तीत चालल्या नाहीत. तो आरंभापासून पूर्ण किमतीलाच विकला गेला. म्हणजे लवकर घेणाऱ्याला सवलत मिळतेच, हे गृहीतक टिकत नाही. आवडलेला खेळ नंतर बदलू शकतो, हेही ध्यानात घ्यावे लागते. ‘डार्केस्ट डंजन’मध्ये २०१५ साली मारलेल्या शत्रूंचे मृतदेह जागेवर उरण्याचे व ताणाने पात्रांना हृदयविकार येण्याचे नियम आले तेव्हा खेळाडूंत मोठी नाराजी उसळली आणि अखेर ते नियम ऐच्छिक करावे लागले.

फसलेल्या उदाहरणांत ‘स्पेसबेस डीएफ-९’चा उल्लेख नेहमी होतो. ऑक्टोबर २०१३ मध्ये विक्रीस आलेल्या या खेळाच्या योजनेतील बराच भाग वगळून वर्षभरात त्याला पूर्ण आवृत्तीचा १.० हा क्रमांक देण्यात आला. याहून टोकाचे उदाहरण ‘द डे बिफोर’चे : ७ डिसेंबर २०२३ रोजी विक्री सुरू झाली, चार दिवसांत स्टुडिओ बंद झाल्याची घोषणा झाली आणि ग्राहकांना पैसे परत मिळाले. ईडार या संस्थेच्या २०१४ मधील पाहणीनुसार स्टीमवरील अशा खेळांपैकी सुमारे २५ टक्केच तोवर पूर्ण झाले होते. विभाग तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता, त्यामुळे उरलेल्या सर्वांना अपयशी मोजणे योग्य नाही. उलट रेंगाळणे म्हणजे सोडून देणे नव्हे : ‘डेझी’ला पाच वर्षे लागली, ‘सेव्हन डेज टू डाय’ला दहाहून अधिक, आणि दोन्ही पूर्ण झाले.

रिफंडची सोय मर्यादित आहे. स्टीमवर जून २०१५ पासून खरेदीनंतर १४ दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळले असल्यास पैसे परत मागता येतात. अपूर्ण खेळांचा सुरुवातीचा भाग सहसा सर्वांत घोटलेला असतो. रिकाम्या जागा व बग पुढे, दोन तासांनंतर भेटतात. त्यामुळे अपडेटच्या नोंदींच्या तारखा पाहणे अधिक उपयोगी ठरते. २०२५ पासून स्टीम वर्षभराहून अधिक काळ अपडेट नसलेल्या खेळाच्या पानावर तशी सूचनाही देते.

इतर मंचांवर नियम काहीसे निराळे आहेत. एक्सबॉक्स या गेम कन्सोलवर जून २०१५ मध्ये ‘गेम प्रीव्ह्यू’ हा असाच विभाग सुरू झाला तेव्हा खरेदीआधी मोफत चाचणीची सोय होती. गॉग या ऑनलाइन दुकानाने जानेवारी २०१६ मध्ये असाच विभाग उघडला, तेव्हा १४ दिवसांत कारण न विचारता पैसे परत करण्याची हमी दिली होती.