पाच डॉलरचं चित्र: अमेरिकन पेंटिंग आणि प्रिंट एका भिंतीवर कशी आली

अमेरिकन कलेच्या बहुतेक मोठ्या प्रदर्शनांत दोन भाग असतात. एका दालनात तेलरंगातले मोठे कॅनव्हास, आणि दुसऱ्यात, जरा मंद उजेडात, काचेमागे लावलेली प्रिंट्स: एचिंग (आम्लाने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून), लिथोग्राफ (दगडावर काढलेल्या चित्रावरून), लाकडी ठसे, सिल्कस्क्रीन (ताणलेल्या जाळीतून शाई ओढून). लोक पहिल्या दालनात रेंगाळतात आणि दुसऱ्यातून भराभर बाहेर पडतात. उजेड मंद ठेवतात तो कागद पिवळा पडू नये आणि रंग उडू नयेत म्हणून. भराभर बाहेर पडण्यामागे मात्र एक समजूत असते: पेंटिंग अस्सल आणि प्रिंट म्हणजे त्याची स्वस्तातली नक्कल. अमेरिकेच्या बाबतीत तरी ही समजूत सोडून दिलेली बरी. तिथे चित्रकाराला पोसायला राजा नव्हता, दरबार नव्हता आणि भिंती चित्रांनी मढवणारं चर्चही जवळपास नव्हतं. चित्राचे पैसे देणार कोण, हा प्रश्न तिथे पहिल्यापासून होता, आणि त्याचं उत्तर शोधताना प्रत्येक पिढी फिरून फिरून छापखान्याच्या दारात आली.

सुरुवातीला छापखानासुद्धा परका होता. जॉन जेम्स ऑड्युबनने अमेरिकेतले पक्षी रंगवले, पण त्या आकाराचे तांब्याचे पत्रे कोरून छापून देणारा कारागीर त्याला अमेरिकेत मिळाला नाही. १८२७ ते १८३८ या काळात ४३५ चित्रांचा तो संच एडिनबरा आणि मुख्यतः लंडनमध्ये तयार झाला. खर्च निघाला वर्गणीतून. श्रीमंत वर्गणीदार शोधत ऑड्युबन स्वतः गावोगाव हिंडत होता.

खरी गंमत न्यूयॉर्कमध्ये झाली. १८३९ साली तिथे एक मंडळ सुरू झालं, ते पुढे अमेरिकन आर्ट-युनियन या नावाने गाजलं. योजना अशी: वर्षाला पाच डॉलर वर्गणी भरायची. प्रत्येक सभासदाला एका अमेरिकन चित्रावरून केलेली एनग्रेव्हिंगची, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेली प्रत घरपोच मिळणार. उरलेल्या पैशांतून मंडळ चित्रकारांकडून मूळ चित्रं विकत घेणार, ती ब्रॉडवेवरच्या आपल्या गॅलरीत लोकांना दाखवणार आणि वर्षाअखेरीस सोडत काढून सभासदांत वाटणार. म्हणजे प्रिंट सगळ्यांना, पेंटिंग नशीबवानाला. आपल्याकडच्या भिशीत निदान प्रत्येकाचा नंबर कधी ना कधी लागतो, इथे तशी हमी नव्हती. तरी लोक तुटून पडले. १८४८ साली चित्रकार थॉमस कोलची माणसाच्या आयुष्याच्या चार टप्प्यांवरची चित्रमाला बक्षिसात ठेवली, तेव्हा सभासद १६ हजारांच्या वर गेले. पुढच्या वर्षी ते १९ हजारांच्या जवळ पोहोचले. त्यांतले कितीतरी लोक अशा गावांत राहत होते जिथे कुणी तेलरंगातलं चित्र डोळ्यांनी पाहिलेलंही नव्हतं.

मिसुरीचा जॉर्ज केलेब बिंगहॅम हा चित्रकार या मंडळामुळेच घडला असं म्हणता येईल. नदीवरून होडीतून जाणारा फर-व्यापारी आणि त्याचा मुलगा हे त्याचं आज मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये असलेलं चित्र युनियनने १८४५ साली ७५ डॉलरला घेतलं. बिंगहॅमने दिलेल्या नावात मुलगा मिश्र वंशाचा असल्याचा सरळ उल्लेख होता. मंडळाच्या कारभाऱ्यांनी तो काढून टाकला आणि चित्राला निरुपद्रवी नाव दिलं. वर्गणीदारांच्या दिवाणखान्यात काय चालेल याचा त्यांनी आधीच विचार केला होता. पैसे मोजणारा चित्राच्या नावापर्यंत कसा पोहोचतो, याचं हे उदाहरण मला फार बोलकं वाटतं. पुढे दोनच वर्षांत बिंगहॅमच्या नाचणाऱ्या नावाड्यांच्या चित्राची एनग्रेव्हिंग जवळपास १० हजार घरांत गेली.

मंडळ बुडालं ते कायद्यामुळे. व्यवस्थापक सगळे व्यापारी. ज्यांची चित्रं घेतली नाहीत ते चित्रकार चिडलेले, आणि एक वर्तमानपत्र हात धुऊन मागे लागलेलं. शेवटी प्रकरण न्यायालयात गेलं आणि ही सोडत म्हणजे बेकायदा लॉटरी आहे, असा निकाल १८५२ साली लागला.

घराघरांत चित्राची जी हौस निर्माण झाली होती ती मात्र निकालाने थांबणार नव्हती. नॅथॅनिएल करियरचा लिथोग्राफचा धंदा त्याआधीच जोरात होता. १८४० च्या जानेवारीत लेक्सिंग्टन नावाची आगबोट जळाली. तिचं त्याने छापलेलं चित्र इतकं खपलं की धंद्याचं बस्तानच बसलं. १८५७ पासून भागीदारीत या धंद्याची करियर अँड आइव्हज ही कंपनी झाली. १९०७ साली बंद होईपर्यंत या कंपनीने ७ हजारांहून जास्त वेगवेगळी चित्रं काढली. छपाई काळ्या शाईत, रंग हाताने. बायका टेबलाभोवती ओळीने बसत, एकीने निळा भरायचा, दुसरीने हिरवा, आणि कागद पुढे सरकत जायचा. फॅनी पामरसारखी चित्रकार या कंपनीच्या कितीतरी निसर्गदृश्यांमागे होती, पण तिचं नाव ग्राहकाला क्वचितच ठाऊक असे. बोस्टनला लुई प्रँग या जर्मनभाषक स्थलांतरिताने हाताचे रंगही काढून टाकले. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एकावर एक छपाई, म्हणजेच क्रोमोलिथोग्राफ. हेच तंत्र जर्मन यंत्रं आणि कारागिरांबरोबर १८९४ साली मुंबईत रविवर्म्याच्या प्रेसमध्ये आलं आणि तिथून मळवलीला गेलं. आपल्या देवघरातली लक्ष्मी आणि बोस्टनच्या बैठकीतलं यलोस्टोनच्या निसर्गाचं चित्र तंत्राच्या नात्याने एकाच कुळातली आहेत. अशा छापील रंगीत चित्रांवर पोसलेल्या संस्कृतीला १८७४ साली एका संपादकाने ‘क्रोमो-सिव्हिलायझेशन’ म्हणून हिणवलं. त्या तिरस्कारातूनच प्रिंटला दुय्यम मानायची सवय पक्की झाली असावी.

विन्स्लो होमरकडे पाहिलं तर ही उतरंड किती पोकळ आहे ते कळतं. तो चित्रकार होण्याआधी यादवी युद्धात ‘हार्पर्स वीकली’साठी रेखाटनं पाठवत होता. साप्ताहिकाची घाई असल्याने लाकडाचा ठोकळा तुकड्यांत सुटा करून वेगवेगळ्या कोरक्यांना वाटत, आणि कोरून झाल्यावर पुन्हा जोडून छापत. १८७२ साली शाळेबाहेर साखळी करून धावणाऱ्या पोरांचं त्याने तेलरंगात चित्र केलं आणि पुढच्याच वर्षी तेच चित्र लाकडी ठशातून ‘हार्पर्स’च्या पानांवर आलं. होमर स्वतः दोन्हीकडे सारख्याच सहजतेने वावरत होता.

युरोपात राहिलेल्या व्हिसलर आणि मेरी कॅसाट या अमेरिकन चित्रकारांनी प्रिंटला पुन्हा कारागिरीची प्रतिष्ठा दिली. कॅसाटने १८९० साली पॅरिसमधलं जपानी ठशांचं प्रदर्शन पाहून केलेली दहा रंगीत प्रिंट्स तिच्या तेलरंगांपेक्षा सरस आहेत, असं माझं मत आहे. न्यूयॉर्कला जॉन स्लोनने १९०५-०६ मध्ये शहराच्या खिडक्या, गच्च्या, झोपायच्या खोल्या एचिंगमध्ये आणल्या. एका प्रतिष्ठित संस्थेने त्यांतली चार अश्लील ठरवून परत केली. 

मग मंदी आली आणि पाच डॉलर परत आले. १९३४ साली रीव्ह्ज लेवेन्थल याने असोसिएटेड अमेरिकन आर्टिस्ट्स सुरू केली. थॉमस हार्ट बेंटन, ग्रँट वूड यांच्यासारख्यांची सही केलेली प्रिंट्स पाच डॉलरला, तीही आधी डिपार्टमेंट स्टोअरमध्ये आणि मग टपालाने. शेताच्या, वादळाच्या, मध्यपश्चिमेच्या या चित्रांवर टीकाकार नाकं मुरडत राहिले.

त्याच सुमाराला, १९३५ साली, सरकारच मोठ्या प्रमाणावर गिऱ्हाईक झालं. अध्यक्ष रुझवेल्टच्या रोजगार योजनेत फेडरल आर्ट प्रोजेक्ट निघाला. चित्रकाराला आठवड्याचा पगार, न्यूयॉर्कमध्ये साधारण २३ डॉलर, आणि बदल्यात चित्रं सरकारजमा. ती विकायची नाहीत, शाळा, ग्रंथालयं, इस्पितळं यांना द्यायची. प्रिंटसाठी स्वतंत्र कार्यशाळा होत्या, आणि तिथे प्रयोग झाले. अँथनी व्हेलोनिसने दुकानांच्या पाट्या छापायची सिल्कस्क्रीन चित्रकारांच्या हाती दिली. फिलाडेल्फियात डॉक्स थ्रॅश या कृष्णवर्णीय चित्रकाराने सहकाऱ्यांबरोबर लिथोचा दगड घासायची कार्बोरंडम पूड धातूच्या पत्र्यावर वापरली आणि त्यातून मखमली काळा रंग काढला. हार्लेममधल्या सरकारी केंद्रात रॉबर्ट ब्लॅकबर्न नावाचा पोरगा लिथोग्राफी शिकला. त्याचं नाव पुढे पुन्हा येईल.

योजना १९४३ साली गुंडाळली. न्यूयॉर्कच्या गोदामात पडलेले कित्येक कॅनव्हास भंगारवाल्याला वजनावर विकले गेले. पाइप गुंडाळायला जाड कापड म्हणून. त्यांतले काही एका जुन्या सामानाच्या दुकानात पोहोचले आणि चित्रकार आपलीच चित्रं सोडवून आणायला धावले. प्रिंट्सचं असं झालं नाही. एका चित्राच्या अनेक प्रती, त्याही दूरदूरच्या ग्रंथालयांत विखुरलेल्या. आज प्रदर्शनांत तीसच्या दशकाचा भाग प्रिंट्सनी भरलेला दिसतो त्याचं एक कारण हे आहे.

सरकारने पुन्हा एकदा हात पोळून घेतले. १९४६ साली परराष्ट्र खात्याच्या जे. लीरॉय डेव्हिडसन या अधिकाऱ्याने सुमारे ४९ हजार डॉलरला ७९ तेलचित्रं घेतली. स्टुअर्ट डेव्हिस, जॉर्जिया ओकीफ, बेन शान, जेकब लॉरेन्स, मार्सडन हार्टली अशी एकाहून एक नावं. अमेरिकेकडे फक्त मोटारी आणि बॉम्ब नाहीत हे जगाला दाखवायचं होतं. चित्रं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये लागली, मग काही पॅरिस आणि प्रागला, काही क्युबा आणि हैतीला गेली. परदेशात स्वागत झालं, घरी मात्र आगडोंब उसळला. ‘लुक’ मासिकाने तुमच्या पैशांतून ही चित्रं घेतली गेली, अशा अर्थाच्या मथळ्याखाली ती छापली. यासुओ कुनियोशीच्या सर्कशीतल्या बाईच्या चित्राची अध्यक्ष ट्रुमनने जाहीर टिंगल केली. कुनियोशी किशोरवयातच जपानहून आलेला, उभं आयुष्य अमेरिकेत काढलेला, आणि वंशामुळे कायद्याने नागरिकत्व नाकारलेला. त्याचं चित्र अमेरिकेची ओळख म्हणून परदेशी जावं, यातला विरोधाभास त्या गदारोळात कुणाला दिसला नाही.

१९४७ मध्ये दौरा अर्ध्यावर थांबवला. पुढच्या वर्षी ७९ तेलचित्रं आणि ३८ जलरंग, अशी सगळी ११७ चित्रं युद्धातून उरलेल्या सामानाच्या खात्यात टाकून विकायला काढली. शैक्षणिक संस्थांना ९५ टक्के सूट होती. अलाबामातल्या, आज ऑबर्न विद्यापीठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने ३६ चित्रं १ हजार ७२ डॉलरला घेतली. कुनियोशीची सर्कसवाली आजही त्यांच्याकडे आहे. हिशेब केला तर एक चित्र ३० डॉलरला पडलं. ओक्लाहोमा विद्यापीठानेही तितकीच नेली.

यानंतर सरकार अशा खरेदीतून मागे हटलं आणि फाउंडेशन्स पुढे आली. लिथोग्राफीत ते सरळ दिसतं. पन्नासच्या दशकात अमेरिकेत चित्रकाराबरोबर बसून दगडावरून छापून देणारे कुशल मुद्रक जवळपास उरले नव्हते. जून वेन या चित्रकर्तीने फोर्ड फाउंडेशनला गाठलं आणि १९६० साली लॉस एंजेलिसला टॅमरिंड कार्यशाळा काढली, मुख्यतः मुद्रक तयार करण्यासाठी. ती पुढे न्यू मेक्सिको विद्यापीठात गेली. पूर्वेला तात्याना ग्रोसमनने १९५७ मध्ये लाँग आयलंडवर स्वतःच्या घरी छपाई सुरू केली, आणि तिथला पहिला निष्णात मुद्रक होता तोच हार्लेमचा ब्लॅकबर्न. १९६३ साली याच घरात चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्गचा दगड प्रेसमध्ये तडकला. दुसरा घेतला, तोही तडकला. त्याने तडा तसाच ठेवून प्रती काढल्या, नाव दिलं ‘अपघात’, आणि युगोस्लाव्हियातल्या ल्युब्लियाना शहराच्या प्रिंट द्वैवार्षिकात पहिलं पारितोषिक मिळवलं. प्रिंटच्या खालच्या कोपऱ्यात १२/५० असा आकडा आणि शेजारी कागदात दाबलेला छोटा शिक्का दिसला तर तो या कार्यशाळांच्या काळात रुळलेला रिवाज समजावा: एकूण ५० प्रतींतली ही बारावी, आणि छापणाऱ्याची ही खूण.

तोवर अँडी वॉरहॉलने १९६२ मध्ये व्हेलोनिसच्या पिढीची तीच सिल्कस्क्रीन कॅनव्हासवर ओढली होती. मेरिलिन मन्‍रोचा एकच छापील चेहरा कॅनव्हासवर आला की पेंटिंग आणि १९६७ च्या संचात कागदावर आला की प्रिंट. दोन दालनांमधली भिंत त्यानंतर केवळ सोयीची उरली.

त्याच १९६७ च्या वसंतात न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचं, अमेरिकन चित्रकलेच्या दोन दशकांचं प्रदर्शन जपाननंतर दिल्लीत ललित कला अकादमीत आलं. पोलॉक, रॉथको, डी कूनिंग यांच्यासोबत वॉरहॉलही होता. समीक्षक क्लेमंट ग्रीनबर्गही दिल्लीत येऊन बोलून गेला. वेळ मात्र अवघडलेली होती. काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम या, शीतयुद्धात कम्युनिस्टविरोधी लेखक-विचारवंतांना जोडणाऱ्या संस्थेला सीआयएचे पैसे मिळत होते हे त्याच काळात उघड झालं होतं, आणि मुंबईतून निघणारं ‘क्वेस्ट’ हे तिच्याच मदतीवर सुरू झालेलं नियतकालिक होतं. प्रदर्शनाचा खर्च त्या खात्यातला नव्हता, पण अमेरिकन चित्रं बघायला जाणाऱ्या भारतीय चित्रकाराच्या मनात पैसे कुणाचे हा प्रश्न आता मोठ्याने वाजत होता.

चित्रकार वासुदेव गायतोंडे यांनी हे सगळं तीन वर्षं आधीच जागेवर जाऊन पाहिलं होतं. १९६४ साली ते रॉकफेलर घराण्याच्या जेडीआर थर्ड फंडाच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले होते. रोलरने रंगाचे थर लावायचे, ओल्या थरावर कागद दाबायचा आणि थोडा रंग कागदाबरोबर उचलून घ्यायचा ही त्यांची पद्धत. प्रिंटच्या कार्यशाळेत काम केलेल्या कुणालाही ती हालचाल लगेच ओळखू येईल. त्यांच्या या कॅनव्हासवर कुणी १/१ असा आकडा घातला नाही, एवढाच काय तो फरक.